स्टोक मॅन्डेव्हिल येथील प्रयोग

पाठीचा कणा दुखावून कमरेखालचें शरीर लुळें पडलें, कीं मनुष्याचें आयुष्य संपलें, ही समजूत फार पुरातन आहे. इसवी सनापूर्वीं १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या मिसरी शस्त्रवैद्यकाच्या ग्रंथांतहि ही दुखापत असाध्यांतच गणलेली आढळते. पहिल्या महायुद्धापर्यंत अनुभवहि तसाच होता. मात्र असे रोगी बहुधा मूळ जखमेनें दगावत नसत. अंथरुणावर पडून झालेलीं क्षतें आणि मूत्रमार्गांतील विषार यांनीं ते मरत.

हिटलरच्या जर्मनींतून १९३९ मध्यें इंग्लंडांत आश्रयास आलेले ज्यू वैद्य लुडविग गुटमान यांनीं हें नेमकें ओळखलें. फेब्रुवारी १९४४ मध्यें स्टोक मॅन्डेव्हिलच्या रुग्णालयांत कण्याच्या जखमांचा विभाग त्यांच्या स्वाधीन झाला. त्यांचा पहिला दंडक वरवर पाहतां क्षुल्लक होता: रोग्यास दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, कुशीवर वळवावयाचें. मन खंबीर करा, असें सांगणारे आप्तेष्ट पुष्कळ असतात. पण अंग सडत असतां त्या उपदेशाचा काय उपयोग? आम्हांस तर या साऱ्या इतिहासांत त्या दोन तासांच्या पाळीइतकें मोलाचें दुसरें कांहीं वाटत नाहीं.

देह सांवरल्यावर मग काम आलें. कोणी सुतारकामास लागला, कोणी घड्याळें दुरुस्त करूं लागला. रोग्यानें पुन्हां कमावतें व्हावें, हा गुटमान यांचा आग्रह होता. चाकांच्या खुर्च्यांत बसून रोगी पोलो खेळूं लागले, तो खेळ फारच दांडगा ठरला, म्हणून पुढें बंद झाला. (मरणोन्मुख मानलेल्या माणसांना दांडगाईबद्दल आवरावें लागावें, ही गोष्ट आम्हांस मोठी आशादायक वाटते.) २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिकचें उद्घाटन झालें त्याच दिवशीं, येथील हिरवळीवर १६ जणांनीं धनुर्विद्येचे सामने खेळले. १९६० मध्यें रोम येथें २३ देशांचे सुमारें ४०० खेळाडू जमले.

याच परंपरेंत आपल्या सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर येतात. मूळचे मुष्टियोद्धे असलेल्या या जवानास १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागल्या व पाय गेले. पुढें ते पोहूं लागले, आणि १९७२ मध्यें जर्मनींत हायडेलबर्ग येथें ५० मीटरच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक. त्यांस पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्यें. मधलीं ४६ वर्षें आपल्यापैकीं किती जणांस हें नांव ठाऊक होतें?