शब्दवेध : जमा

मंचरच्या बाजारात कांद्याच्या पिशव्यांचे वजन होऊन शेतकऱ्याच्या हाती जी हिशेबपट्टी पडते, तीत ५२, ४९, ५१, ५० असे आकडे ओळीने उतरलेले असतात आणि खाली रेघ ओढून २०२ हा एकच आकडा मांडलेला असतो. त्या रेघेखालच्या कृतीला आपण 'जमा' म्हणतो. हा शब्द अरबी. एकत्र करणे हा त्याच्या धातूचा मूलार्थ, आणि जमाव, जमात, जमाबंदी, इतकेच नव्हे तर जुम्माही त्याच कुळातला. ज्या फारसी दरबारी परंपरेतून तो मराठीत रुळला, तिचे एक ठाणे, निजामशाहीची पहिली राजधानी, शेजारच्या जुन्नरातच होते.

केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात जी संगणकीय लिपी मांडली, तिच्यात मला हाच मूलार्थ शुद्ध स्वरूपात आढळतो. एकेक पिशवी घ्या, मिळवा, संपेपर्यंत फिरून तेच करा, हे आवर्तन तेथे लिहावेच लागत नाही; +/ एवढी खूण रांगेपुढे ठेवली की सारी रांग एका संख्येत गोळा होते. बेरजेच्या जागी 'मोठा तो निवडा' ही क्रिया ठेवली, की तीच तिरपी रेघ सर्वांत जड पिशवी हुडकून देते. परंतु मला खरे मोहविते ते -/ हे रूप: या लिपीचे पुढचे रूप उजवीकडून उलगडत असल्याने ५२ मधून ४९ वजा, ५१ मिळवा, ५० वजा, असा क्रम आपोआप पडतो आणि ४ उरतात, म्हणजे जमा आणि खर्च आळीपाळीने लिहिलेल्या कीर्दीची ती थेट शिल्लकच होय.