एकविसावा रकाना

(सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

२१ एप्रिल २०१०
मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीची ५९५८ क्रमांकाची अपडेट जगभर जाते. विंडोज एक्सपीवरच्या संगणकांत ती विंडोजचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून पकडते. संगणक आपोआप बंद-चालू, बंद-चालू होत राहतात. कंपनीचे तेव्हाचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जॉर्ज कर्ट्झ. पुढच्या वर्षी ते दोन सहकाऱ्यांबरोबर नवी सायबर सुरक्षा कंपनी काढतात : क्राउडस्ट्राइक.

२८ फेब्रुवारी २०२४
क्राउडस्ट्राइकच्या, हल्ले हेरणाऱ्या फाल्कन सेन्सर या सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांच्या हाती पडते. सेन्सर बसतो तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात. इथे चूक झाली तर एखादा प्रोग्रॅम नाही, अख्खं मशीनच बंद पडतं.

या आवृत्तीत एक नवा साचा आहे. विंडोजमधले प्रोग्रॅम आपापसात ज्या वाटांनी बोलतात, त्यांचा गैरवापर हेरण्यासाठी. साच्यात रकाने २१. सेन्सरचा कोड माहिती पुरवतो २० रकान्यांची.

चाचण्या होतात. चाचणीच्या नियमांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण आहे, त्यामुळे तो रकाना कधी तपासलाच जात नाही.

५ मार्च
साच्याची ताण-चाचणी पार पडते. त्यावर बेतलेला पहिला नियम बाहेर जातो. काही बिघडत नाही.

८ ते २४ एप्रिल
आणखी तीन नियम जातात. एकविसाव्या रकान्यात पुन्हा 'काहीही चालेल'. पुन्हा सगळं सुरळीत. साच्यावरचा विश्वास वाढतो. पुढे कंपनीच्याच अहवालात हा विश्वास एक कारण म्हणून नोंदला गेला.

इथे जरा थांबायला हवं. सेन्सरची नवी आवृत्ती लगेच घ्यायची, की एक-दोन आवृत्त्या मागे राहायचं, हे ग्राहक ठरवू शकत होता. बँकांचे, विमान कंपन्यांचे आयटी विभाग मुद्दाम मागे राहायचे ते याचसाठी : दुसऱ्याला ठेच लागू दे, आपण शहाणे होऊ. पण नियमांच्या फाइलींना ही सोय लागू नव्हती. त्या एकदम, सगळ्यांकडे, न विचारता जात.

१९ जुलै, पहाटे साडेतीनच्या सुमारास
मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचा मध्य अमेरिकेतला विभाग अडखळतो. अमेरिकेतल्या काही विमान कंपन्या अडकतात. याचा क्राउडस्ट्राइकशी संबंध नाही, पण काही तासांनी अनेकांचा पहिला संशय इकडेच जाणार आहे.

सकाळी ९.३९ च्या आधी
दोन नवे नियम तयार आहेत. त्यांतल्या एकाने एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच खरी अट घातली आहे. नियम तपासणारा प्रोग्रॅम दोन्ही पास करतो. रकाने २१ आहेत, माहितीही २१ रकान्यांची येईल, असं तो धरून चालतो.

सकाळी ९.३९
हे नियम असलेली चॅनेल फाइल २९१ सुटते. मुंबईत शेअर बाजार उघडून २४ मिनिटं झालीत. सिडनीत दुपारचे २ वाजून ९ मिनिटं, लंडनमध्ये पहाटेचे ५ वाजून ९ मिनिटं. कंपनीचं मुख्यालय असलेल्या ऑस्टिनमध्ये अजून गुरुवार संपलेला नाही. रात्रीचे ११ वाजून गेलेत.

त्यानंतरची मिनिटं
सेन्सर नियम वाचतो आणि एकविसावी माहिती मागतो. हातात २० आहेत. तो मेमरीतल्या पुढच्या जागेत जातो, जिथे त्याचं काहीच नाही. विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. मशीन पुन्हा सुरू होतं, सुरू होतानाच सेन्सर लोड होतो, तीच फाइल वाचतो. पुन्हा निळा पडदा.

ऑस्ट्रेलियात ऑफिसं भर कामात आहेत. युरोप झोपलेला आहे. ज्यांचे लॅपटॉप रात्री बंद करून ठेवलेले होते ते वाचतात. विमानतळ, इस्पितळं आणि बँकांची मशीन्स बंद नसतातच.

सकाळी १०.५७
कंपनी फाइल मागे घेते, दुरुस्त फाइल सोडते. ७८ मिनिटं झालीत. दुरुस्ती इंटरनेटवर हजर आहे, पण ती उतरवून घेण्याइतका वेळ मशीन जागं राहत नाही. अझूरवरची मशीन्स वारंवार, अगदी १५ वेळाही रीस्टार्ट करून पाहा, असं मायक्रोसॉफ्टला सांगावं लागतं.

दुपार
भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जातात. दिल्लीत उड्डाणांची माहिती पांढऱ्या फळ्यावर लिहिली जाते. इंडिगोची सुमारे २०० उड्डाणं रद्द होतात. सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन 'अतिगंभीर' दर्जाचा इशारा काढते.

दुपारी ३.१५
कर्ट्झ समाजमाध्यमावर लिहितात : हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे, दुरुस्ती सोडली आहे. माफीचा शब्द त्यात नाही. तो काही तासांनी टीव्हीवर येतो.

त्याच वेळी, कुठल्याही ऑफिसात, एक लॅपटॉप
दोन-तीनदा बंद पडल्यावर विंडोज रिकव्हरीचा पडदा दाखवते. तिथून सेफ मोड. पण डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे, आणि ते ४८ आकडी किल्ली मागतं. किल्ल्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, आणि तो सर्व्हरही विंडोजवर असेल तर कदाचित त्याच्यावरही निळा पडदा आहे. किल्ली मिळाली तरी घरून काम करणाऱ्याला ४८ आकडे फोनवर वाचून दाखवायचे. एकही चुकून चालत नाही.

मग ॲडमिनचा पासवर्ड. मग सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात क्राउडस्ट्राइकचा फोल्डर. 'सी', मग शून्यांची रांग, मग २९१, अशी नावाची सुरुवात असलेली फाइल शोधायची. वेळेचा शिक्का ०४०९ जागतिक वेळेचा असेल तर तीच ती. ०५२७ किंवा त्यानंतरचा असेल तर दुरुस्त झालेली. डिलीट. रीस्टार्ट.

जाणत्या हातांना काही मिनिटांचं काम. पण ते एका जागी बसून सगळ्या ऑफिसासाठी करता येत नाही. प्रत्येक मशीनपाशी माणूस लागतो.

२० जुलै
मायक्रोसॉफ्टचा अंदाज : ८५ लाख मशीन्स. विंडोजच्या एकूण मशीन्सपैकी एक टक्काही नाहीत. पेनड्राइव्हवरून चालणारं दुरुस्तीचं साधन त्याच दिवशी येतं. अमेरिकेत डेल्टाची उड्डाणं रद्द होतच राहतात. पाच दिवसांत आकडा ७,००० च्या घरात जातो.

२४ जुलै
कंपनीचा प्राथमिक अहवाल येतो. यापुढे नियमांच्या फाइलीही आधी थोड्या मशीन्सवर आणि मग टप्प्याटप्प्याने पुढे जातील, त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवता येईल, असं आश्वासन त्यात आहे. सेन्सरच्या आवृत्त्यांना ही सवलत आधीपासूनच होती.

२५ जुलै
सेन्सरमध्ये एक तपासणी घातली जाते. मागितलेला रकाना हातात असलेल्या रकान्यांच्या पलीकडचा असेल, तर तो वाचायचा नाही.