सायकलचा संसार

योगायोग पाहा : १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि त्याच साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. पण विलायतेची ती उघडीबोडकी सायकल आपल्या संसाराला पुरी पडेना. पुढे पुण्यात सायकली वाढल्या, तेव्हा कारकुनाने मागे कॅरिअर बसवला. सकाळी डबा, संध्याकाळी दळण. पुढल्या दांडीवर धाकट्याची बैठक. तेलाचा दिवा वाऱ्याने विझे, आणि पोलीस नेमका तेथेच उभा! डायनॅमो आला तेव्हा पायडल जड झाले, अन् थांबताच पुन्हा अंधार. या साऱ्या सरंजामात मला मोलाची वाटते ती मागच्या चाकावरची जाळी. पातळाचा काठ तारांत अडकण्याचे भय तिने घालवले, आणि टांग्याची वा भावाची वाट न पाहता मुली आपल्याआपण कॉलेजात जाऊ लागल्या.