पांचाळेश्वरचा खडक कोणी पाहिला?

गेवराई तालुक्याची उत्तर सीमा गोदावरीने आखलेली आहे. नदीच्या अलीकडे बीड जिल्हा, पलीकडे जालना जिल्ह्यातले शहागड. या काठावर पांचाळेश्वर आणि राक्षसभुवन ही दोन गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. पांचाळेश्वरला नदीच्या पात्रातच काळ्या खडकावर महानुभावांचे आत्मतीर्थ आहे. उन्हाळ्यात तिथे सहज जाता येते. पावसाळ्यात खडकाचे बेट होते आणि मोठ्या पुरात देऊळही पाण्याखाली जाते. या खडकाला पर्यटनाच्या याद्यांत फार तर ‘मंदिर’ म्हणून एक ओळ मिळते. याच लाव्हाच्या जातीचा, याच काळ्या रंगाचा एक खडक स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात आहे, स्टाफा त्याचे नाव, आणि तो पाहायला जगभरातून माणसे होडीने जातात. फरक देखाव्याचा आहे असे कोणीही पटकन म्हणेल. इथे मांडायचे आहे ते वेगळे: एखादी जागा पाहण्याजोगी ठरते ती मुख्यतः तिची नोंद कोणी, कशासाठी आणि कोणासाठी केली यावरून. आणि गेवराईच्या या खडकाची नोंद स्टाफाच्या कितीतरी आधी, चांगली चार शतके आधी, मराठीत झालेली होती.

ती नोंद महानुभावांनी केली. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी हिंडले. पंथाच्या भाषेत या हिंडण्याला अटन म्हणतात. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. पण पंथाला एवढ्याने समाधान नव्हते. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, कुठे जेवले, त्या जागा पुढच्यांना सापडल्या पाहिजेत म्हणून चौदाव्या शतकात स्थानपोथी तयार झाली. गावात कोणत्या दिशेने शिरायचे, देवळाचे दार कोणीकडे, त्याच्या कोणत्या बाजूला वड किंवा पिंपळ, नदी कुठून वळते, तिथून आसनस्थान कुठे, असा तिचा एकूण खाक्या आहे. स्वामी शरीरधर्मासाठी जिथे गेले ती परिश्रयाची ठिकाणेही तिने सोडलेली नाहीत. आधुनिक वाचकाला याचे हसू येईल, पण गाळणी न लावता नोंदायचे ही शिस्त त्यातच दिसते. अशा ठिकाणी पुढे ओटे बांधले गेले आणि यात्रेकरू आजही एकेका ओट्याला नमस्कार करीत पुढे सरकतो. पांचाळेश्वरचे महत्त्व तर चक्रधरांच्याही मागे नेले जाते. दत्तात्रेयप्रभूंची भिक्षा कोल्हापुरी, निद्रा माहूरला आणि भोजन पांचाळेश्वरला, अशी पंथाची श्रद्धा आहे. एवढ्या श्रद्धेने हा खडक सह्याद्रीच्या पायथ्यापासून विदर्भाच्या सीमेपर्यंतच्या एका रोजच्या वाटेवर आणून ठेवला. नकाशावर रेघ न ओढता केलेला हा नकाशाच आहे.

आता स्टाफाकडे वळू. हे बेट मल आणि आयोना या बेटांच्या शेजारी आहे, आणि तिथल्या गुराख्यांना नि कोळ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. तरीही त्याचा ‘शोध’ १७७२ सालचा मानला जातो. त्या वर्षी जोसेफ बँक्स हा निसर्गशास्त्रज्ञ आइसलंडकडे निघाला होता. वाटेत मल बेटाजवळ त्याला या खांबांबद्दल कोणीतरी सांगितले, तो तिथे उतरला, त्याने मोजमापे घेतली, चित्रे काढवून घेतली. त्याचे वर्णन १७७४ मध्ये टॉमस पेनंटच्या स्कॉटलंड-प्रवासाच्या पुस्तकात छापून आले. आधल्याच वर्षी डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉसवेल या बेटांवर हिंडत होते. स्टाफा त्यांनी समुद्रावरून पाहिले, उतरता मात्र आले नाही. १८२९ मध्ये फेलिक्स मेंडेल्सनने तिथली गुहा पाहिली आणि तिच्यावरून हेब्रिडीज नावाची संगीतरचना बांधली. शास्त्रज्ञाचे माप, प्रवाशाचे पुस्तक आणि संगीतकाराचे सूर, अशी साठेक वर्षांची ही भर आहे. तिच्याआधी तो खडक होताच, फक्त तो पाहायला जाण्याची चाल नव्हती.

यावर उघड आक्षेप असा की स्टाफाचे षट्कोनी खांब कोणत्याही डोळ्याला थक्क करतील, त्यांना नोंदीची गरज नाही. पांचाळेश्वरचा खडक मात्र नोंदीवाचून साधा खडक आहे. दुसरा अर्धा भाग मान्य करायला हरकत नाही. पहिला अर्धा टिकत नाही, आणि तो टिकत नाही याचा पुरावा अंधेरीत उभा आहे. गिल्बर्ट हिल हा सुमारे ६१ मीटर उंच असा बसाल्टचा सुळका, उभ्या खांबांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला. स्टाफाचे खांब त्यानंतरच्या लाव्हाचे, पण थंड होताना तडकून बहुकोनी खांब पडण्याची क्रिया तीच. कोट्यवधी माणसांच्या शहरात, लोकलच्या स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर तो आहे. आजूबाजूचा दगड खणून नेला गेला, सभोवती इमारती दाटल्या, आणि मुंबईकरांतल्या बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नसते. देखावा स्वतःच्या बळावर माणसे खेचत असता तर अंधेरीत रोज रांग लागली असती. तिथे बँक्स उतरला नाही, मेंडेल्सनही आला नाही, आणि चक्रधर तिथे बसल्याची आठवण कोणी जपलेली नाही. माथ्यावर देवीचे देऊळ आहे म्हणून काही पावले तरी पायऱ्या चढतात. ही शेवटची गोष्ट बारकाईने लक्षात घ्यावी, कारण आपल्याकडे दगडाला राखण्याचे काम बऱ्याचदा देवानेच केले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यात्रा म्हणजे स्थळदर्शन नव्हे. भाविक खडकाकडे नव्हे, खडकावर घडलेल्या लीळेकडे पाहतो. तेव्हा स्थानपोथीला प्रवासवर्णनाच्या रांगेत बसवणे ही ओढाताण आहे. यातले सत्य असे की निसर्ग केवळ निसर्ग म्हणून पाहण्याची आजची मराठी सवय बरीचशी खरोखर स्कॉटिश आहे, आणि हे अलंकाराने म्हटलेले नाही. महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण म्हणून उभे करणारा गव्हर्नर सर जॉन माल्कम हा स्कॉटलंडचा, आणि तिथल्या वस्तीला त्याचेच नाव देऊन माल्कम पेठ म्हटले गेले. त्याच्या आधीचा गव्हर्नर एल्फिन्स्टन, ज्याच्या नावाचा पॉइंट आहे, तोही स्कॉटच. जुन्या काळापासून लोक क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णेच्या उगमावर स्नानाला जात. साहेब तिथून थोडे पुढे कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला, त्याने त्या टोकाला पॉइंट म्हटले आणि दुर्बीण लावली. आज सहलीची बस उगमाशी थोडा वेळ थांबते आणि पॉइंटांवर अर्धा दिवस काढते. गेवराई मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. उन्हाळ्यात डोंगर गाठणाऱ्या मुंबई सरकारच्या साहेबांना गोदाकाठच्या या उघड्या, तापलेल्या खडकाशी काही कर्तव्य नव्हते, म्हणून इथे एकही पॉइंट झाला नाही.

तरीही ‘मराठीत निसर्गाकडे कोणी पाहिलेच नव्हते’ या निष्कर्षावर उडी मारता येत नाही. महानुभावांच्या मान्यवर साती ग्रंथांपैकी दोन, रवळोबासांचे सह्याद्रिवर्णन आणि नारायणबास बहाळिये यांचे ऋद्धिपूरवर्णन, नावापासूनच स्थळांचे ग्रंथ आहेत. त्यांतला डोंगर नि गाव ईश्वराच्या सान्निध्यामुळे सुंदर आहेत हे खरे. पण बँक्सचा स्टाफा तरी निव्वळ सुंदर कुठे होता? तो माणसाने बांधलेल्या खांबांच्या देवळांशी निसर्गाची तुलना करीत होता, आणि गुहेला चिकटलेले फिंगल हे नाव एका पुराणवीराचे होते. तिथेही कथा आधी होती आणि खडक तिच्या आधाराने दिसला. दोन्हीकडे पाहणाऱ्याच्या मनात काहीतरी भरलेले होते. फरक एवढाच की एकीकडची कथा पुढे झिजून गेली आणि खडक उरला, तर दुसरीकडे कथा इतकी ताजी राहिली की खडकाकडे लक्ष जायला फुरसत मिळाली नाही.

मग चार शतके आधी झालेली नोंद जगापुढे का आली नाही? याचे उत्तर पंथाच्या इतिहासात आहे. महानुभावांनी आपले बहुतेक ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. नक्कल होत राहिली, ओटे राखले गेले, पंजाबातल्या जयकृष्णी अनुयायांपर्यंत ही स्थळे पोहोचली, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांतले काही वाचता येत नव्हते. वि. का. राजवाडे यांनी लिपी उलगडली आणि पुढे वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांनी लीळाचरित्र, स्थानपोथी संपादून छापली, तेव्हा कुठे हा ठेवा सर्वांचा झाला. पेनंटच्या पुस्तकाला बँक्सचे वर्णन छापायला दोन वर्षे लागली; स्थानपोथीला छापखाना गाठायला सहा शतके. माझ्या मते गेवराईच्या खडकाची उपेक्षा, तिला उपेक्षा म्हणायचेच असेल तर, या अंतरात आहे. भाविकांनी त्याला कधीच उपेक्षले नाही. उपेक्षा झाली ती बिगरभाविकाच्या कुतूहलाची.

त्याच काठावरचे राक्षसभुवन ही गोष्ट आणखी स्पष्ट करते. १० ऑगस्ट १७६३ रोजी, म्हणजे बँक्स स्टाफावर उतरण्याच्या नऊ वर्षे आधी, इथे अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या फौजेचा पराभव केला आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. त्याच वर्षी निजामाच्या फौजांनी पुणे जाळले होते, त्यामुळे ही लढाई पेशव्यांच्या दृष्टीने जगण्यामरण्याची होती. तिचा निकाल तलवारीइतकाच गोदावरीने लावला. निजाम अली काही सैन्यानिशी आधीच नदी उतरून उत्तरेकडे गेला होता. दिवाण दक्षिण काठावर होता. श्रावणातल्या पाण्याने मधली वाट बंद केली आणि मालकाला पलीकडून नोकराचा नाश पाहावा लागला. पुढच्या तहात ८२ लाखांचा मुलूख पेशव्यांकडे आला. हे सगळे ज्या भूमीवर घडले ती आज कोणी पाहायला जात नाही. राक्षसभुवनला गर्दी होते ती शनीसाठी, कारण शनीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. इतिहासकारांनी लढाईची तारीख, माणसे आणि मुलूख लिहिला. पण छावणी कुठे होती, उतार कुठे होता, दिवाण कुठे पडला, हे स्थानपोथीच्या बारकाईने लिहिणारा तिला मिळाला नाही. परिश्रयाची जागा नोंदणाऱ्या पंथाची सवय बखरकारांना असती तर राक्षसभुवनच्या शेतांतून आज निदान एखादी वाट दाखवता आली असती.

स्कॉटिश नजरेचे गोडवे गायचा हेतू नाही. ज्या काळात ही बेटे ‘रानटी आणि उदात्त’ म्हणून गाजली त्याच काळात ती रिकामी होत होती. जॉन्सनच्या वेळीच माणसे जहाजे भरभरून अमेरिकेला निघाली होती, आणि तो ज्या उल्व्हा बेटावर राहिला तिथली बहुसंख्य कुळे १८४०च्या दशकात जमीनदाराने मेंढ्यांसाठी हुसकून लावली. सेंट किल्डा या टोकाच्या बेटावर बोटीने येणारे पाहुणे तिथल्या लोकांचे फोटो काढत राहिले, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले ३६ जण बेट सोडून गेले. आज तिथली निर्जनता हाच देखावा मानला जातो. स्थानपोथीला असा रिकामेपणा सुचतच नाही. तिच्यात जागा सापडते ती कोणाच्या तरी घरावरून, दारावरून, विहिरीवरून; माणूस वगळला तर तिची दिशाच चुकते.

आणि नेमक्या याच कारणाने तिच्याकडे आता नव्या गरजेने पाहायला हवे. पैठणला १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झाल्यापासून गेवराईच्या वाट्याला आलेली गोदावरी ही जुनी नदी राहिलेली नाही. वर्षातला मोठा काळ पात्र कोरडे असते आणि धरणाचे दरवाजे उघडले की एका रात्रीत आत्मतीर्थाला वेढा पडतो. २००६ च्या ऑगस्टमधला पूर काठच्या गावांना अजून आठवतो. कोरड्या महिन्यांत पात्रातली वाळू ट्रॅक्टर-हायव्याने निघते, आणि त्याच सुमाराला तालुक्यातली हजारो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असतात. वाळू गेली की धार सरकते आणि काठ ढासळतो. सातशे वर्षांपूर्वी नदी गावापासून किती लांब होती, घाट कोणत्या तोंडाचा होता, खडकाच्या कोणत्या अंगाला पाणी होते, याचा मराठीत लिहिलेला दाखला पंथाच्या स्थळवर्णनांत शोधता येईल. भूगोलाच्या अभ्यासकाने आणि पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याने ती वर्णने आजच्या मोजणीच्या नकाशाशेजारी ठेवून वाचण्याचे काम करायचे आहे. त्यासाठी खडकावर पॉइंटची पाटी लावायची गरज नाही. पुजाऱ्याला, वारीला आलेल्या भिक्षुकाला आणि काठावरच्या शेतकऱ्याला पाणी कुठवर चढते हे विचारून सुरुवात करता येईल.