गुरुवियोगानंतरची जुगलबंदी

सतारवादक पंडित रविशंकर आणि सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्या जुगलबंदीची ‘इन कॉन्सर्ट १९७२’ ही ध्वनिमुद्रिका हिंदुस्थानी तंतुवाद्यसंगीताचा मोलाचा ठेवा आहे. न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये ८ ऑक्टोबर १९७२ रोजी ही मैफल झाली. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. त्याच्या महिनाभर आधी, ६ सप्टेंबरला, मैहर येथे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे निधन झाले होते. ते अली अकबर यांचे वडील आणि दोघाही वादकांचे गुरू. ही ध्वनिमुद्रिका त्यांच्याच स्मृतीस अर्पण करण्यात आली आहे.

रविशंकर १९३८ मध्ये शिकण्यासाठी मैहरला गेले आणि १९३९ मध्ये अली अकबर यांच्यासह जुगलबंदीतूनच रसिकांसमोर आले. तालीम एक असली, तरी वाद्यांचा स्वभाव भिन्न. सतारीला पडदे असतात. पडद्यावर तार बाजूला खेचून मींड घेतली जाते. सरोदला पडदे नसतात. गुळगुळीत धातूच्या पट्टीवर नखाने तार दाबून बोट सरकवले, की स्वर अखंड वाहतो. सतार बोटातल्या नखीने छेडतात, तर सरोद नारळाच्या करवंटीच्या जव्याने. त्यामुळे सतारीचा झंकार दीर्घकाळ रेंगाळतो, तर सरोदचा गंभीर नाद लवकर विरतो. एकाने मांडलेला स्वरसमूह दुसऱ्याने उचलताना त्याचा रंग पालटतो; या जुगलबंदीचे मर्म नेमके इथे आहे.

हेमबिहाग, मांझ खमाज आणि सिंधी भैरवी हे तीन राग यात आहेत. पैकी हेमबिहाग ही अल्लाउद्दीन खाँ यांचीच निर्मिती मानली जाते. ‘अ‍ॅपल’ कंपनीने १९७३ मध्ये दोन तबकड्यांचा संच काढला. निर्मितीत जॉर्ज हॅरिसन यांच्यासह झाकीर हुसेन यांचाही सहभाग होता. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम पंचवीस मिनिटे मावत असल्याने सुमारे ५० मिनिटांचा मांझ खमाज दोन बाजूंत विभागावा लागला. पुढे १९९६ मध्ये सीडी निघाली.

अल्लारखाँ २०००मध्ये, अली अकबर २००९मध्ये आणि रविशंकर २०१२मध्ये निवर्तले. मैहरची तालीम दोन वाद्यांतून कशी बोलत असे, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या श्रोत्याने प्रथम मांझ खमाज ऐकावा. आलापात कोण थांबतो आणि कोण वाट पाहतो, याकडे लक्ष दिल्यास दोघांमधला संवाद आपोआप उलगडत जातो.