न्यायासन कोणाचे?

एखाद्या संस्थेची रचना समजून घ्यायची, तर ती कोणत्या आक्षेपाला उत्तर म्हणून उभी राहिली, हे आधी पाहावे लागते. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा विचार करताना न्यूरेंबर्गपाशी जावे लागते, ते यासाठीच.

१९४५-४६ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात न्यायाधीश आणि अभियोक्ते हे दोघेही अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व सोव्हिएत संघ या जेत्या राष्ट्रांचेच होते. सोव्हिएत संघाच्या वतीने न्यायालयाची सनद ठरविणारे निकितचेन्को पुढे त्याच न्यायासनावर बसले. अमेरिकेच्या वतीने ती ठरविणारे रॉबर्ट जॅक्सन अभियोक्ते झाले. अपिलाची सोय नव्हती. टोकियोच्या खटल्यात राधाबिनोद पाल यांनी १९४८ साली आपल्या भिन्न निकालपत्रात सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. त्यामागेही ‘जेत्यांचा न्याय’ हा एक प्रमुख आक्षेप होता.

१९९८ साली रोम येथे संमत झालेला आणि १ जुलै २००२ पासून अमलात आलेला करार जणू हे आक्षेप समोर ठेवूनच लिहिला गेला. न्यायाधीश १८, सदस्य राष्ट्रांनी नऊ वर्षांसाठी निवडलेले, आणि एका राष्ट्राचे दोन नाहीत. पूर्वसुनावणी, सुनावणी आणि अपील असे त्यांचे तीन विभाग. अभियोक्त्याचे कार्यालय न्यायाधीशांपासून स्वतंत्र. मात्र स्वतःहून तपास आरंभायचा, तर अभियोक्त्याला पूर्वसुनावणी विभागाची अनुमती लागते. साक्षीदारांचे संरक्षण, निर्धन आरोपीला वकील, पीडितांचा खटल्यातील सहभाग ही कामे निबंधक कार्यालयाकडे. फाशीची शिक्षा नाही.

परंतु न्यूरेंबर्गपाशी जे होते, नेमके तेच येथे नाही. तेथे बहुतेक आरोपी आधीच जेत्यांच्या कोठडीत होते. हेगचे न्यायालय कोणत्याही विजयातून जन्मले नाही, म्हणून त्याच्या हाती सैन्य नाही, पोलीसही नाहीत. सुदानचे तत्कालीन अध्यक्ष बशीर यांच्यावर २००९ मध्ये वॉरंट निघाले. २०१५ मध्ये ते सदस्य राष्ट्र असलेल्या दक्षिण आफ्रिकेत जाऊन सुखरूप परतले. २०२५ मध्ये फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते हेगला पोहोचले, ते त्यांच्याच देशाने अटक करून सोपविले म्हणून. न्यूरेंबर्गच्या चार राष्ट्रांपैकी अमेरिका व रशिया आज या न्यायालयाचे सदस्य नाहीत. पाल यांचा भारतही नाही.

न्याय निःपक्षपाती करताना तो निःशस्त्रही झाला. हा रचनेतील दोष म्हणता येणार नाही. जेत्यांविना न्याय हवा असेल, तर मोजावी लागणारी ही किंमत आहे. ती मोजण्याची तयारी राष्ट्रांनी अद्याप अर्धीच दाखविली आहे.