भट्टीकाठचा अ‍ॅस्बेस्टॉस आणि मागून आलेला कायदा

अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या स्पॅरोज पॉइंट येथे १८८७ मध्ये पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली. १९१६ मध्ये तो बेथलेहेम स्टीलने घेतला आणि १९५० च्या दशकाअखेर तो जगातला सर्वांत मोठा पोलाद कारखाना बनला. सुमारे तीस हजार माणसे तिथे राबत. पोलाद वितळायला जवळजवळ १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्या धगीवर अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचा उतारा शोधला होता. वाफेच्या पाइपांवरचे वेष्टन, भट्ट्यांच्या दारांची गॅस्केट, क्रेनची ब्रेक लायनिंग, इतकेच काय, कामगारांचे हातमोजे आणि एप्रनसुद्धा त्याचेच असत.

खरा घात दुरुस्तीच्या वेळी होई. भट्टी थंड केली की भाजून ठिसूळ झालेले वेष्टन हातोड्याने फोडून काढत, पोत्यातली पूड पाण्यात कालवून नवा थर लिंपत. हवेत उडालेले तंतू शेजारच्या फिटर-वेल्डरच्या छातीत जात आणि कपड्यांना चिकटून घरी पोहोचत. ते कपडे धुणाऱ्या बायकांनाही पुढे मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे आहेत. फुप्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग उमटायला २० ते ५० वर्षे लागतात.

कायद्याची अडचण नेमकी इथेच होती. १९१० च्या दशकात राज्याराज्यांत झालेले कामगार भरपाई कायदे मुख्यतः यंत्रात हात सापडण्यासारख्या, डोळ्यांदेखत घडणाऱ्या अपघातांसाठी रचलेले होते. त्यांत ठरावीक भरपाई मिळे, पण त्या बदल्यात मालकावर दावा लावण्याचा हक्क जवळजवळ संपे. तेव्हा कामगारांनी अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्यांना कोर्टात खेचले. टेक्सासमधले वेष्टन-कामगार क्लॅरेन्स बोरेल यांच्या खटल्यात १९७३ मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने ठरवले की, धोक्याची सूचना देणे हे उत्पादकाचे कर्तव्यच आहे. निकाल लागला तेव्हा बोरेल हयात नव्हते. १९३० च्या दशकातला उत्पादक कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार पुढे उघडकीस आला. धोका ठाऊक असूनही तो दडवला गेला, हे त्यातून दिसले. कामगारांच्या जिवाशी केलेला हा व्यवहार अक्षम्य होता.

मुदतीचा प्रश्नही न्यायालयांनी हळूहळू सोडवला. दाव्याची मुदत तंतू छातीत गेल्यापासून न मोजता आजार कळल्यापासून मोजावी, हे तत्त्व बहुतेक राज्यांत रुजले. मेरीलँडमध्ये ही मुदत तीन वर्षांची आहे.

दाव्यांच्या ओझ्याखाली जॉन्स-मॅनव्हिल या बड्या उत्पादक कंपनीने १९८२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १९८८ मध्ये तिच्या पैशातून पीडितांसाठी विश्वस्त निधी उभा राहिला आणि १९९४ मध्ये दिवाळखोरी कायद्यानेच अशा निधींना मान्यता दिली. दिवाळखोर कंपनीवर खटला न लावता रुग्ण किंवा वारस तिच्या निधीकडे अर्ज करतात. निदानाची कागदपत्रे, कोणत्या विभागात किती वर्षे काम केले आणि कोणत्या कंपनीचा माल हाताळला, हे दाखवावे लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या पोत्यावरचे नाव सिद्ध करण्याचे ओझे असे आजारी माणसावरच पडते. शिवाय मॅनव्हिल निधीला १९९५ मध्ये मंजूर रकमेच्या १० टक्केच देण्यावर यावे लागले, पुढे तर त्याहूनही कमी.

बेथलेहेम स्टीलने २००१ मध्ये दिवाळखोरी पत्करली. स्पॅरोज पॉइंटचा कारखाना २०१२ मध्ये बंद पडला. तिथे १९७० च्या दशकात काम केलेल्यांचे आजार त्यानंतरही निदानाला येऊ शकतात.